दुपारचा बँड

एक अख्खा दिवस बाजूला काढा. प्रत्यक्ष जमत नसेल तर मनातल्या मनात काढा; मननाला तेवढा पुरतो. पाठ टेकवा, पाय मोकळे सोडा. श्वास चालला आहे तसा चालू द्या, त्याला लांबवू नका, मोजू नका. आज आपल्याला बँड ऐकायचे आहेत, एकामागून एक, उघड्यावर, भर उन्हात, सकाळी साउंड चेक होतो तिथपासून रात्री दहाला माइक बंद होतो तिथपर्यंत. आणि त्यासाठी जायचं आहे गोवंडीला.

हार्बर लाइनने या. चेंबूर गेलं की डब्यातली गर्दी दाराकडे सरकू लागते. गोवंडीला उतरा आणि घाई न करता पूल चढा. उन्हाची पहिली जाणीव डोक्यावर होत नाही, हाताला होते: पुलाचा लोखंडी कठडा धरावा तर तळवा आपोआप मागे येतो. तो तळवा क्षणभर तसाच उघडा ठेवा. आजचा दिवस कसा असणार हे त्याला कळलं आहे.

ऊन आधी अंगाला सापडू द्या. मानेवर, कानांच्या पाळ्यांवर, चपलेच्या पट्ट्यांमधून दिसणाऱ्या पायावर. कपाळावरचा घाम पुसू नका, इतक्यात नको. तो सुकताना त्वचेतली उष्णता घेऊन जातो. शरीराकडे स्वतःला थंड ठेवायचा हाच मोठा उपाय आहे. मुंबईच्या दमट हवेत तो सुकायला वेळ लागतो, म्हणून आकडा छत्तीसचा असला तरी जीव चाळीसचा होतो. घामाचा एक थेंब भुवईवर येऊन थांबतो. त्याच्याकडे लक्ष द्या. तो पुढे सरकेल तेव्हा सरकेल.

आता मान वर करा. समोर इमारती आहेत, एकीला खेटून दुसरी. हा नटवर पारेख कंपाउंड. शहरात कुठे रस्ता रुंद झाला, कुठे रेल्वेचा रूळ वाढला, तेव्हा ज्यांची घरं गेली त्यांना इथे घरं मिळाली. ५९ इमारती आणि सुमारे २५ हजार माणसं. दोन इमारतींमध्ये जेमतेम काही मीटरची फट. त्या फटीत उभे राहा आणि आकाश शोधा. एक पट्टी दिसते. खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावून स्वयंपाक होतो. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने इथला, शेजारच्या लल्लुभाई कंपाउंडचा आणि पीएमजीपी वसाहतीचा अभ्यास केला. जिथे ऊन आणि वारा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळतो, असं त्यातून पुढे आलं.

इथे थोडं थांबा. याच गोष्टीपाशी मी पुन्हापुन्हा येतो. ज्या उन्हाला टाळायला आपण टोपी घालून आलो, त्याच उन्हाची एक तिरीप घरात यावी म्हणून इथे कुणी खिडकीला आरसा लावत असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू द्या. एकीने दुसरीला खोटं ठरवायची गरज नाही. उघड्यावरचं गाणं म्हणजे काय, याचं उत्तर मला या फटीत मिळतं. आवाजाला जागा लागते, उन्हालाही जागा लागते. ज्या वसाहतीत दोन्हींसाठी जागा ठेवलीच गेली नाही, तिथे चार इमारतींच्या मधल्या चौकात सतरंजी पसरून स्पीकर लावणं ही मोठी गोष्ट आहे.

अशी गोष्ट इथे घडली आहे. १५ ते १९ फेब्रुवारी २०२३ असे पाच दिवस गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल याच कंपाउंडमध्ये झाला. या वसाहतीत बरीच वर्षं काम करणारी कम्युनिटी डिझाइन एजन्सी ही संस्था त्याच्या मुळाशी होती, ब्रिटिश कौन्सिलचं पाठबळ होतं. पण मंचावर इथलीच पोरं-पोरी होती. रॅप, नाटक, छायाचित्रं, फिल्म, भिंतींवरची चित्रं. महिनोन्‌महिने मार्गदर्शकांबरोबर तयारी करून त्यांनी ते आपल्याच शेजाऱ्यांपुढे मांडलं. हातांनी बनवलेले कागदी कंदील घेऊन लोक मिरवणुकीने निघाले. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी, २८ आणि २९ जानेवारीला, महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा झाला होता. जगभर गाजलेला तो महोत्सव आशियात प्रथमच आला होता. शहर एकच, ऋतूही एकच. मला दोन्ही हवेत. फक्त रेसकोर्सवर माणूस गाणं ऐकायला जातो, आणि इथे गाणं माणसाच्या खिडकीखाली येतं.

तो फेब्रुवारी साधा नव्हता. हवामान खात्याच्या नोंदींत देशभरातलं सरासरी कमाल तापमान पाहिलं तर १९०१ पासूनचा तो सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ज्या महिन्यात मुंबईकर सकाळी एखादी शाल काढतो, त्या महिन्यात कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. तेव्हा आपला दिवसही तसाच धरू. ऊन कमी करून घेऊ नका.

आता दुपारचे दोन वाजले आहेत.

चौकाच्या एका टोकाला मंच आहे, वर हिरवं जाळीचं कापड. समोर सतरंज्या, त्यांच्या मागे लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, बहुतेक रिकाम्या. मंचाची सावली मंचापुरतीच. माणसं बसली आहेत ती भिंतीच्या कडेने, इमारतीच्या सावलीची जी अरुंद पट्टी उरली आहे तिच्यात, गुडघे पोटाशी घेऊन. एक मुलगा माइकवर ‘हॅलो, चेक, चेक’ म्हणतो. माइक शिट्टी मारतो. साउंडवाला मिक्सरवरची एक खुंटी खाली आणतो. मुलगा मागे वळून म्हणतो, ‘भाई, मॉनिटर थोडा बढा.’

दुपारचा बँड सुरू होणार आहे.

जगातल्या कुठल्याही महोत्सवात हा बँड असतो. नाव झालेल्यांना रात्र मिळते: दिवे, धूर, गर्दी, गार हवा. नाव व्हायचं असतं त्यांना दुपार मिळते. त्यांच्यापुढे मैदान मोकळं असतं, आणि मोकळं मैदान मंचावरून फार स्पष्ट दिसतं. रात्री दिव्यांच्या झोतात गाणाऱ्याला समोरचे चेहरे दिसत नाहीत. दुपारी एकेक चेहरा दिसतो, कोण उठून गेलं तेही दिसतं. आज मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागतो आहे: या बँडसाठी बसून राहा. पाच वाजता येणारे येतीलच. तुम्ही दोन वाजता आलात, तर आता इथे असा.

पहिलं गाणं सुरू होतं आणि फारसं चांगलं होत नाही. असू दे. गाणं चांगलं की वाईट, हा प्रश्न पुढच्या काही मिनिटांसाठी खाली ठेवा. त्याऐवजी एक वाद्य निवडा. गिटार निवडली तर तिच्या खुंट्यांकडे बघा. उन्हात पोलादी तार तापते, तापली की लांबते, लांबली की स्वर उतरतो. म्हणून तो वाजवणारा दोन गाण्यांच्या मध्ये मान खाली घालून तारा पिळतो आहे, आणि आपल्याला वाटतं की वेळ चालला आहे. फुंकून वाजवायच्या वाद्यांचं याच्या उलट. आतली हवा गरम झाली की त्यांचा स्वर चढतो. लग्नाच्या वरातीत भर दुपारी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. म्हणजे एकाच मंचावर, एकाच उन्हात, तार खाली जाते आणि फुंक वर जाते, आणि त्या दोघांना एकत्र आणायचं काम कुणाचा तरी कान सतत करत असतो. तो कान ऐका. तो ऐकू येत नाही हे खरं, पण दोन स्वर भेटतात त्या क्षणी तो तिथे असतो.

हलगी निवडलीत तर आणखी जवळ जा. गोवंडी-चेंबूर-घाटकोपर हा पट्टा चामड्याच्या वाद्यांना ओळखणारा आहे. एप्रिलमध्ये भीमजयंती, मग गणपती, मोहरमचे ताशे, आणि वर्षभर वराती, हळदी, त्यांच्या बेंजो पार्ट्या. दमट हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, थाप बसते पण उठत नाही. मग वाजवणारे कोपऱ्यात पुठ्ठा-कागद पेटवतात आणि त्या जाळावर हलगी शेकतात: गोल फिरवत, मधूनच बोटाने टिचकी मारून ऐकत, पुन्हा फिरवत. जाळ फार जवळ आला तर कातडं फाटतं, लांब राहिला तर तापत नाही. टिचकीचा आवाज हळूहळू उंच होत जातो. एका टिचकीला तो सुटा, कोरडा, कडक येतो आणि हात थांबतो. आता बऱ्याच वाद्यांवर प्लास्टिकचं पान असतं, शेकायची गरज उरत नाही. तरी ज्याने शेकलं आहे त्याचा हात वेगळा पडतो, असं मला वाटतं. आजच्या उन्हात शेकोटीची गरजच नाही. हलगी नुसती उन्हात ठेवली तरी ताणली जाते. जे ऊन आपल्याला सैल करतं, तेच तिला घट्ट करतं.

तुमच्या छातीत आता तिसरी काही गोष्ट वाजते आहे. ढोलाचा खालचा आवाज कानाआधी बरगड्यांना कळतो. तिथे लक्ष न्या. आत काय आपलं आणि काय त्या ढोलवाल्या पोराचं, हे वेगळं करायची खटपट करू नका.

बसवत नाहीसं झालं? डोकं जड, तोंड कोरडं? उठा. मी बसून राहा म्हणालो याचा अर्थ देह विसरा असा नाही. सावलीत जा, पाणी प्या, घोटघोट प्या, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी मिळालं तर ते प्या. याच फेब्रुवारीनंतर दोन महिन्यांनी, १६ एप्रिल २०२३ ला, याच हार्बर लाइनवर खाडीपलीकडच्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसं उघड्या मैदानात तासन्‌तास बसली. उष्माघाताने १४ जण दगावले. ते श्रद्धेने आले होते आणि श्रद्धेने बसून राहिले होते. त्यांच्यासाठी एक श्वास थांबू या. गाणं असो, प्रवचन असो, भाषण असो, माणसांना उघड्यावर बोलावणाऱ्याने आधी मांडव आणि पाणी बघावं, हे मला मंचापेक्षा मोठं वाटतं. इथल्या वस्त्यांना ते ठाऊक आहे. जयंतीला पाणपोई लागते, मोहरमला सबील लागते; कोण पितो हे दोन्हीकडे विचारत नाहीत.

सावलीतून मंच लांब आहे. आता तिथून ऐका. आवाज विरळ झालाय, शब्द तुटक येताहेत. याला नुसतं अंतर कारणीभूत नाही. भर दुपारी जमिनीलगतची हवा सर्वांत तापलेली असते आणि वर जावं तशी थंड होत जाते. अशा हवेतून जाणारा आवाज वरच्या बाजूला वळतो, आपल्या डोक्यांवरून निघून जातो. रात्री जमीन निवली की उलटं घडतं, आवाज खाली वळतो आणि दूरवर पोचतो. म्हणजे दुपारच्या बँडवर हवासुद्धा रुसलेली असते. तो जे गातो त्यातलं बरंच आकाशाच्या त्या पट्टीकडे जातं. वरच्या मजल्यावर कुणीतरी वाळत घातलेल्या साडीआडून डोकावतंय, ते पाहिलंत? तिला कदाचित तुमच्यापेक्षा नीट ऐकू येत असेल.

वाऱ्याची दिशा जरा बदलली तर देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचा वासही येईल. १९२७ पासून मुंबई आपला कचरा तिथे आणून टाकते आहे. वास आला तर नाक मुरडू नका; श्वास आत घ्या, सोडा. या शहरातली प्रत्येक मैफल, रेसकोर्सवरची आणि सभागृहातलीही, मागे बाटल्या आणि कागदी पेले ठेवून जाते, आणि वर्षानुवर्षं त्यांतले बरेच इथे आले. गोवंडीने आजवर आपलं एवढं सांभाळलं आहे. आज तिथली पोरं गात आहेत.

दुपारच्या गाणाऱ्याबद्दल एक गोष्ट सांगतो. १५ ऑगस्ट १९६९, अमेरिकेतलं वुडस्टॉक. पुढे दंतकथा झालेल्या त्या महोत्सवाचा पहिला दिवस. रस्ते गाड्यांनी तुंबलेले, ठरलेले बँड वाटेत अडकलेले. रिची हेवन्स नावाचा गायक गिटार घेऊन आला होता, म्हणून पाचच्या सुमाराला त्यालाच मंचावर ढकललं. त्याचं गाऊन झालं तरी पुढचं कुणी पोचलं नव्हतं. त्याला परत मंचावर पाठवलं, पुन्हा परत पाठवलं. होती नव्हती ती गाणी संपली. तेव्हा त्याने एक जुनं भक्तिगीत धरलं आणि त्याच्यावर स्वातंत्र्य या अर्थाचा एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत उभ्या उभ्या नवं गाणं रचलं. आज तो त्याच गाण्यासाठी ओळखला जातो. मला त्यातलं यश मोहवत नाही. मला तो क्षण हवा आहे, जेव्हा सगळी गाणी संपली आहेत, समोर लोक आहेत, आणि हात तारांवर आहेत. आपल्या समोरच्या मुलाकडे बघा. त्याच्या हातातल्या मोबाइलवर लिहिलेल्या ओळी संपल्या आहेत आणि अजून त्याच्याकडे वेळ उरला आहे.

तो थांबतो. ढोलवाला ठेका सोडत नाही. मुलगा मोबाइल खिशात घालतो.

इथे डोळे मिटा. जे येईल ते येऊ द्या. तो काय म्हणतो हे मी सांगणार नाही, तुम्ही ऐका. तो पाण्याच्या टँकरबद्दल म्हणत असेल, आईबद्दल, लिफ्टबद्दल, इतरत्र गोवंडीचा पत्ता सांगितला की बदलणाऱ्या चेहऱ्यांबद्दल. हिंदी-मराठी-उर्दू एकाच ओळीत येत असेल, कारण इथे तशीच बोलतात. यमक चुकेल. चुकू द्या. भिंतीच्या कडेने बसलेल्यांतली चार-पाच मुलं उठून उन्हात, मंचाच्या पुढ्यात गेली आहेत. चपला तिथेच राहिल्या, तापलेल्या सिमेंटवर ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत आहेत, आणि तेच त्यांचं नाचणं झालं आहे.

मग वारा येतो. मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या अशा दिवसांत काहिली होते तीच मुळी समुद्रावरचा वारा सुरू व्हायला उशीर झाल्याने. तोवर जमिनीकडून येणारी तापलेली पुरवाई शहर भाजत राहते. आज तो उशिरा का होईना आला. मंचावरचं जाळीचं कापड एकदा फुगतं. पाठीवरचा ओला सदरा एकदम गार लागतो. हा वारा तुम्हाला कुठे आधी लागला, मानेला की मनगटाला, तेवढं बघा. मंचावरच्या मुलाने गाता गाताच तोंड त्या बाजूला वळवलं आहे.

संध्याकाळ भराभर होते. खुर्च्या भरतात, कामावरून परतलेले लोक पिशव्यांसह उभे राहतात, खिडक्याखिडक्यांत माणसं दिसू लागतात. दिवे लागतात, कंदील निघतात. रात्रीचे बँड चांगले आहेत, सराईत आहेत. आवाजही आता खाली येतो, दूरच्या रस्त्यापर्यंत जातो. नाचा. इथे मनन सोडून द्यायला माझी हरकत नाही. मात्र एखाद्या गाण्याच्या मधेच, कारण नसताना, दुपारचं ते तुटलेलं यमक आठवेल. आठवलं तर त्याला जागा द्या.

दहा वाजता माइक बंद. कायदा आहे, आणि तो बरा आहे. ज्यांना पहाटे चारला उठून कामाला जायचं त्यांची घरं इथेच वर आहेत. मुंबईने उघड्या आकाशाखालच्या जागा आवाजाच्या नियमांमुळे गमावल्याही आहेत. धोबी तलावचं रंगभवन, जिथे १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि पोरांनी पावसात भिजून गिटार ऐकली, ते आसपासच्या रुग्णालयांमुळे आणि कॉलेजमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि त्यातले कार्यक्रम थांबले. मला रंगभवनाची हळहळ आहे आणि रुग्णालयातल्या माणसाच्या झोपेचीही कदर आहे. म्हणूनच हा चौक मला मोलाचा वाटतो. इथे गाणारा आणि झोपणारा एकाच जिन्याने वर जातात, तेव्हा दहाचं भान कुणाला शिकवावं लागत नाही.

आता डोळे उघडा, उठून उभे राहा. मंचामागे दुपारचा बँड अजून आहे. ते गेले नव्हते, इतरांचं ऐकत थांबले होते. एक जण कोपरापासून पंजापर्यंत केबल गुंडाळतो आहे, दुसरा जॅक पुसून पिशवीत टाकतो आहे. ढोलवाल्याच्या तर्जनीला चिकटपट्टी आहे. त्यांच्यापाशी जा. नुसतं ‘छान झालं’ म्हणू नका. मोबाइल खिशात घातल्यावर आलेली कुठली ओळ तुम्हाला लागली, ती त्याला सांगा. आणि पुढचा कार्यक्रम कुठे, किती वाजता, ते विचारून घ्या.